कॉफीच्या बीन्सची देवाणघेवाण : किती ग्रॅम पाठवायचे आणि पाकिटावर काय लिहायचं?

घोटभर
मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांकडे आता वजनकाटा, हँड ग्राइंडर आणि कॉफी गाळायला एखादा व्ही सिक्स्टी (फिल्टरचा सुळका) नाहीतर एअरोप्रेस (दाबून गाळायची नळी) आहे, आणि बहुतेकांची रड पण एकच आहे. पाव किलोची पिशवी आणायची, पहिले काही कप मजेत जातात, मग तेच ते तेच ते. नवीन उघडायला हात शिवशिवतात पण उघडली की दोन्ही शिळ्या होत बसणार. त्यामुळे बीन्स आपापसात वाटून घ्यायला लागलो हे झालं ते झ्याकच झालं.

पण माझं म्हणणं असं की पंधरा ग्रॅमच्या पुड्या पाठवणं आता बंद करा. पंधरा ग्रॅम म्हणजे एक कप. त्या एका कपात दळण जाड पडलं तर कॉफी पाणचट आणि आंबट, बारीक पडलं तर कडू आणि जीभ आवळणारी, आणि मग आपण इथे येऊन लिहिणार की "इथिओपिया काही खास नाही वाटली". अहो त्यात इथिओपियाचा काय दोष? किमान साठ ग्रॅम द्या. पहिला कप चाचपडण्यात जाईल, दुसऱ्यात दळण बसेल, मग जे मत द्यायचं ते द्या.

दुसरं म्हणजे पाकिटावर रोस्टची तारीख सोडून काहीही लिहू नका. देश नको, प्रोसेस (फळातून बी काढून वाळवायची पद्धत) नको, आणि रोस्टरने छापलेल्या चवी तर मुळीच नकोत. "जर्दाळू, जाई, मध" असं वाचलं की सगळ्यांना जर्दाळूच लागतो, मग आपण चव घेत नसतो, पाकीट वाचत असतो. बोला.

रवाळ
साठ ग्रॅमला +१. अजून एक कारण आहे जे कोणी बोलत नाही. हँड ग्राइंडरमध्ये फारसं काही अडकून राहत नाही, पण माझा जुना इलेक्ट्रिक आहे, त्यात आधीच्या बीन्सचं दोन-तीन ग्रॅम दळण कायम दडून बसलेलं असतं. नवीन बीन्स चाखायचे तर त्यातलेच थोडे आधी दळून फेकावे लागतात. पंधरातले तीन असेच गेले तर राहिलं काय, बारा. बारा ग्रॅमवर कसलं मत देणार.

अर्धा_कप
वाचतेय. माझ्याकडे अजून ग्राइंडर नाही, मला कोणी दळून पाठवेल का?

रवाळ
🙈

वाफाळ
अरे कोणीतरी धाग्याला वारा घाला, शुद्ध हरपली त्याची.

निवांतराव
@अर्धा_कप, यांच्याकडे लक्ष देऊ नका. दळलेली कॉफी लवकर मरते हे खरंय, पृष्ठभाग इतका वाढतो की सुगंध तासाभरात निम्मा वाटायला लागतो, आणि तुम्हाला जाड-बारीक काही बदलता येत नाही ही त्याहून मोठी अडचण. पण हवाबंद पुडीत एक डोस (एका कपापुरती कॉफी) दळून त्याच संध्याकाळी हातात दिला तर पिण्यालायक नक्की असतो. जवळ कोणी राहत असेल तर सरळ त्यांच्याकडे जाऊन प्या, तेच उत्तम. कुरियरने मात्र दळलेली मागवू नका, त्यापेक्षा आधी एक बरा हँड ग्राइंडर घ्या आणि बाकीची भांडी मागाहून. फ्रेंच प्रेसमध्ये सुद्धा चांगल्या दळणाने जो फरक पडतो तो महागड्या केटलने पडत नाही.

तळाचा_गाळ
धागाकर्त्याशी पूर्ण असहमत, तेही दोन्ही मुद्द्यांवर. (ह.घ्या.)

पहिलं ग्रॅमचं. तुम्ही सगळे नमुना चाखायला पोर ओव्हर (वरून पाणी ओतत गाळलेली कॉफी) का करताय? पोर ओव्हरमध्ये तुमचा हात, केटलची धार, फिल्टर, ब्लूमला (पहिल्या थोड्या पाण्यात भुकटी फुगते तेव्हा) किती थांबलात, हे सगळं मधे येतं. नमुना चाखायची जगन्मान्य पद्धत कपिंग आहे, आणि ती मुळात एवढ्यासाठीच आहे की करणाऱ्याचं कौशल्य बाजूला राहावं. एससीएचं (स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचं) प्रमाण १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम. जाडसर दळायचं, ९३ अंशांच्या आसपासचं पाणी ओतायचं, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडायची, मोडताना नाक अगदी वाटीला लावायचं कारण खरा सुगंध त्या क्षणी येतो, मग वरचा फेस काढून टाकायचा आणि जीभ भाजणार नाही इतकं निवलं की चमच्याने सुर्रकन ओढायचं. गरम, कोमट, पार थंड, तिन्ही वेळा. बस्स. दोन वाट्या भरून नमुना कळतो. म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम पुष्कळ झाले.

तारखेबद्दल नंतर लिहितो, जेवायला बोलावलंय.

वाफाळ
सुर्रकन ओढण्यावरून आमच्या घरी नोटीस मिळालेली आहे. "कॉफी प्यायची असेल तर माणसासारखी प्या नाहीतर गॅलरीत जा." मी सध्या गॅलरीत असतो.

घोटभर
@तळाचा_गाळ, कपिंग मान्य, पण कपिंगने बीन्स कळतात, कॉफी कशी प्यायची ते कळत नाही. वाटीत सुंदर लागलेली केनिया माझ्या व्ही सिक्स्टीत आंबट ढ्याण होते, त्याचं काय? आपण कोणी खरेदीदार नाही, गुण देऊन गोणी पास करायला. आपल्याला सकाळचा कप हवाय.

कोरीच_बरी
तळाचा_गाळ यांच्या सोळा ग्रॅमला माझ्याकडून एक खोच. रवांडा आणि बुरुंडीच्या कॉफीत बटाट्याचा दोष असतो हे माहितीये ना? एखाद्या दाण्यात कच्च्या बटाट्याच्या सालीसारखा उग्र वास, बाहेरून दाणा दिसायला अगदी निर्दोष, दळल्यावरच कळतं. अँटेस्टिया नावाच्या ढेकणाने फळ टोचल्याशी त्याचा संबंध जोडतात. एकच दाणा, पण अख्खा डोस बाद. आता मला आलेल्या पुडीत एकच डोस आणि त्यात तो दाणा, मी काय मत देणार? व्यावसायिक कपिंगमध्येसुद्धा एकाच नमुन्याच्या पाच वाट्या याचसाठी मांडतात, की एखादी वेगळी लागली तर लक्षात यावं. आणि वास आला तर पिशवी टाकू नका हो कोणी, फक्त तो डोस टाका, ग्राइंडर झटका आणि पुढचा दळा. पुढचा बहुतेक वेळा छान निघतो. रवांडाची चांगली वॉश्ड (गर धुऊन मग वाळवलेली) कॉफी म्हणजे संत्र्याची साल आणि काळ्या चहासारखं हलकं अंग, वासाच्या भीतीने सोडू नका.

तळाचा_गाळ
बटाटा मान्य. तो मुद्दा तुमचा. 🙏

पण पाकिटावर काही लिहू नका हे अजिबात मान्य नाही. अहो, या सगळ्या कॉफीत नवीन काय आहे? चांगली कॉफी पूर्वीही होती. नवीन हे की ती कुठल्या डोंगरावरून, कुठल्या वॉशिंग स्टेशनवरून (फळं धुऊन बी काढायच्या केंद्रावरून), कुठल्या जातीच्या झाडावरून आली ते शेवटपर्यंत टिकून राहतं. एर्ना नटसन या अमेरिकेतल्या कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये एका व्यापारी मासिकात हा स्पेशालिटी कॉफी शब्द वापरला तेव्हा मुद्दा हाच होता की विशिष्ट हवापाण्यात विशिष्ट चव तयार होते. ती माहिती पुसून तुम्ही आम्हाला फक्त एक तपकिरी पुडी देणार. ज्याने कॉफी पिकवली त्याचं नाव खोडून रोस्टची तारीख ठेवायची, म्हणजे भाजणारा मोठा आणि पिकवणारा कोणीच नाही.

निवांतराव
यात तथ्य आहे. शिवाय नुसती उपयोगाची बाब म्हणून पण प्रोसेस माहीत हवी. वॉश्ड इथिओपियाला मी बिनधास्त उकळीच्या जवळचं पाणी घेतो, पण ॲनेरोबिक नॅचरल (हवाबंद आंबवून फळासकट वाळवलेली) असेल तर ९० च्या खाली उतरतो नाहीतर पिकून सडलेल्या फळासारखी लागते. डिकॅफ (कॅफिन काढलेली) असेल तर बारीक भुकटी जास्त पडते, फिल्टर तुंबतो, जाड दळावं लागतं. आंधळं पाकीट आलं तर हे सगळं शोधण्यातच साठ ग्रॅम संपणार.

वाफाळ
आणि डिकॅफ आहे हे सांगितलं नाही तर सकाळी मीटिंगमध्ये मी झोपणार, त्याची जबाबदारी धागाकर्त्यावर.

कोरीच_बरी
उलटं झालं तर? रात्री दहाला डिकॅफ समजून प्यायची आणि पहाटे चारला छताकडे बघत पडायचं. डिकॅफ आहे की नाही हे लिहिणं सक्तीचं करा, यावर मतदान पण नको.

तांबूस
उशिरा आलो, तीन मुद्दे एकदम टाकतो.

वास. पुड्या एकत्र भरताना कृपा करून को-फर्मेंट वेगळी ठेवा. फळं, मसाले घालून आंबवलेल्या कॉफीचा वास इतका जबर असतो की साध्या झिपच्या पिशवीतून शेजारच्या पुडीला लागतो. मला एकदा खोक्यात चार नमुने आले, चारही दालचिनी. त्यातली एक नाजूक वॉश्ड होती, तिचं पार वाटोळं. ग्राइंडरमध्ये पण तो वास पुढचे कित्येक डोस सोडत नाही, म्हणून को-फर्मेंट नेहमी शेवटी चाखा.

शिळेपणा. कुरियर चार दिवस लेट झालं म्हणून रडू नका. ताजे भाजलेले बीन्स कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, फिकट रोस्टला तर निवायला दोन ते चार आठवडे दिले तर उलट बरं लागतं, दुसऱ्याच दिवशी केली तर ब्लूम फुगा होऊन वर येतो आणि पाणी आत शिरतच नाही. डार्क असेल तर गणित वेगळं, ती लवकर तेल सोडते आणि लवकर खवट होते. भाजल्या-भाजल्या मात्र घट्ट बाटलीत कोंबू नका, एकमार्गी व्हॉल्व्ह असलेली छोटी पाकिटं मिळतात ती घ्या.

फ्रीझर. तुम्ही सगळे ग्रॅम मोजताय पण फ्रीझरबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

अर्धा_कप
फ्रीझरमध्ये कॉफी ठेवू नये असं सगळीकडे वाचलंय? ओल लागते म्हणतात.

तांबूस
ओल लागते ती रोज उघडझाप केल्याने. पिशवी बाहेर काढली, थंड बीन्सना बाहेरची दमट हवा लागली की दाण्यांवर दव धरतं, मग परत आत. असं चार दिवस केलं की कॉफी गेली. उपाय म्हणजे आधीच एकेक डोस वेगळा करून हवाबंद करायचा. प्रयोगशाळेतल्या ५० मिलीच्या झाकणाच्या नळ्या मिळतात, एकीत साधारण अठरा ग्रॅम मावतात. काढली की सरळ गोठलेलेच दाणे ग्राइंडरमध्ये, वितळायची वाट बघायची नाही. मोठी पिशवी गोठवली असेल तर मात्र न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच कात्री लावायची.

आणि गोठलेलं दळण वेगळं पडतं हे नुसतं आपलं वाटणं नाही. २०१६ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये पेपर आला होता, बीन्स जितके थंड तितकं दळण बारीक आणि जास्त एकसारखं. त्यामुळे नेहमीच्या आकड्यापेक्षा किंचित जाड ठेवून बघा. माझ्याकडे मागच्या वर्षीची एक केनिया नळ्यांमध्ये आहे, अजून तिचा बेदाणा-टोमॅटो तसाच खणखणीत येतो.

रवाळ
हे भारीच. म्हणजे आपण एक "बँक" करू शकतो. प्रत्येकाने आवडत्या पिशवीतले दोन डोस गोठवायचे.

वाफाळ
आमच्या फ्रीझरमध्ये मटारांनी आधीच सातबारा करून घेतलाय. एक नळी आत सरकवली तर घरात तंटा.

मोजून_मापून
पाण्याबद्दल एकही प्रतिसाद नाही, आश्चर्य आहे. कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तुम्ही एकाच पिशवीतले बीन्स चार घरच्या चार पाण्यांत करून मतं जुळवताय. घोटभर यांची केनिया आंबट ढ्याण होते आणि तांबूस यांची खणखणीत, यात ग्राइंडरइतकाच पाण्याचा हात असू शकतो. पाण्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं. ते जास्त असेल तर केनियासुद्धा सपाट आणि खडूसारखी लागते, आणि आरओचं अगदी कोरं पाणी असेल तर आम्लाला अडवायलाच कोणी नाही, म्हणून बोचतं. घोटभर, तुमचं आरओ आहे का?

घोटभर
आहे. 😐

मोजून_मापून
मग झालं तर. डिस्टिल्ड पाण्यात खायचा सोडा आणि एप्सम सॉल्ट अगदी चिमटीत घालून पाणी बांधता येतं. एससीएच्या जुन्या प्रमाणात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारायची ताकद) लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास धरली होती, ती डोळ्यापुढे ठेवा. मी दोन्हीचं वेगवेगळं कडक द्रावण बाटलीत करून ठेवतो आणि एक लिटर पाण्यात थेंब मोजून घालतो. बीन्स पाठवणार असाल तर सोबत त्या द्रावणाची एकेक छोटी कुपी पाठवू, निदान चाखताना सगळ्यांचं पाणी तरी एक होईल. वर ठळक "पिऊ नये" लिहून, कारण कडक एप्सम सॉल्ट प्यायलात तर कॉफीपेक्षा लवकर परिणाम दिसेल.

वाफाळ
=))

कोरीच_बरी
एवढं सगळं मोजायचं आणि मग चवीचं वर्णन करताना "छान होती" लिहायचं. मागच्या देवाणघेवाणीतली टिपणं काढून बघा, निम्म्या जणांनी "फ्रूटी" एवढंच लिहिलंय.

निवांतराव
आणि एकाने "रबर" लिहिलं होतं.

वाफाळ
मीच तो. आणि रबर फ्लेवर व्हीलवर (कॉफीच्या चवींच्या गोल तक्त्यावर) छापलेलं आहे, केमिकलच्या पाकळीत, जाऊन बघा. तिथेच स्कंकी (स्कंक प्राण्यासारखा उग्र वास) पण आहे. २०१६ मध्ये संशोधन करून नवीन चक्र काढलं त्यातही लोकांनी ते ठेवलंय, म्हणजे माझी जीभ शास्त्रशुद्ध आहे.

तळाचा_गाळ
नोंदींसाठी एक सोपा खेळ सुचवतो. तीन वाट्या मांडायच्या, दोनांत एकच कॉफी, तिसरीत वेगळी. घरातल्या कोणाला तरी वाट्या फिरवायला सांगायच्या आणि वेगळी कुठली ते ओळखायचं. सुरुवातीला वॉश्ड आणि नॅचरल घ्या, ते जमतं. मग एकाच देशाच्या दोन वॉश्ड घ्या आणि बघा गर्व कुठे जातो ते. शब्द सापडायच्या आधी फरक तरी सापडला पाहिजे. याला दोन नमुन्यांचे मिळून पंचवीसेक ग्रॅम लागतात.

रवाळ
अवांतर : गेशा (कॉफीची एक नावाजलेली जात) कोणी वाटणार आहे का? कायम ऐकतो, कधी नशिबात नाही.

तळाचा_गाळ
माझ्याकडे थोडी आहे, वॉश्ड. पण साठ ग्रॅम मागाल तर मैत्री तुटेल.

घोटभर
बघा, आता कंजुषी सुरू.

तळाचा_गाळ
कंजुषी नाही, न्याय. २००४ मध्ये पनामाच्या स्पर्धेत एस्मेराल्डा शेताची गेशा आली तेव्हा परीक्षकांना ही पनामाची की इथिओपियाची असा प्रश्न पडला होता म्हणतात, इतकी फुलांची. मूळची इथिओपियातलीच म्हणा ती. अशी कॉफी सहा जणांत वाटायची तर प्रत्येकाला एकच कप, आणि तो पोर ओव्हरमध्ये वाया घालवू नका, कपिंगच करा. पण हेही खरं की गेशा नाव असलं म्हणजे झालं असं नाही, बेताच्या उंचीवरची बेताची गेशा पण असते. माझ्या मते एसएल २८ जातीची चांगली केनिया मधल्यामधल्या गेशाला सहज झोपवते. आणि केनिया डबल ए बघून भुलू नका, डबल ए हा दाण्याचा आकार आहे, चवीची पावती नव्हे. मी पीबी (फळात एकच गोल दाणा) आणि एबी (जरा लहान दाणे) घेऊन जास्त खूश असतो.

कोरीच_बरी
+१०० एबी साठी. दाणा जरा लहान, पण कपात काही कमी नाही. मी पुढच्या वेळी एबीच वाटणार आहे, आणि सोबत इथिओपियाची ७४११० जातीची एक. त्या आकड्यातला ७४ म्हणजे १९७४ साल, जिम्माच्या संशोधन केंद्राने तेव्हा निवडलेली झाडं. सगळ्या पिशव्यांवर नुसतं "हेअरलूम" (स्थानिक जुनी वाणं) लिहितात त्यापेक्षा हे बरं, निदान दोन आकडे शेजारी ठेवून चाखता येतात.

अर्धा_कप
मी काल हँड ग्राइंडर मागवला. 🙂 आता मला पण यादीत घ्या. पण मूळ प्रश्नाचं काय ठरलं? किती ग्रॅम आणि काय लिहायचं? मला पहिल्यांदाच पाठवायचंय म्हणून विचारतेय.

मोजून_मापून
हिशोब मांडतो. साठ ग्रॅम धरा. २०० मिलीची एक वाटी कपिंगला ११ ग्रॅम, राहिले ४९. त्यात १५ चे तीन कप म्हणजे ४५, राहिले ४. ते रवाळ यांच्या ग्राइंडरच्या पोटात. धागाकर्ते आणि गाळसाहेब दोघांचंही भागलं. पाव किलोच्या पिशवीतून असे तीन वाटे निघतात आणि पाठवणाऱ्याकडे सत्तर ग्रॅम उरतात. त्यामुळे एका गटात चार जण, त्याहून जास्त नको. गेशा वगैरे अपवाद, तिथे वाटीपुरतं.

रवाळ
माझ्या ग्राइंडरचा जाहीर अपमान झालेला आहे. पण हिशोब मंजूर.

घोटभर
मलाही चालेल. आणि लिहिण्याबाबत गाळसाहेबांचा पिकवणाऱ्याचा मुद्दा मला पटला, ते नाव जायला नको. फक्त आधी वाचायचं नाही एवढाच माझा हट्ट. तर असं करू : पाकिटावर बाहेर आकडा, रोस्टची तारीख, गोठवली असल्यास ती तारीख, रोस्ट फिकट की मध्यम, को-फर्मेंट आणि डिकॅफ असल्यास ठळक. आत घडी घातलेली चिठ्ठी, त्यात देश, स्टेशन किंवा शेत, जात, प्रोसेस आणि ज्याने भाजली तो रोस्टर. वाटी आंधळी करायची, टिपण इथे टाकायचं, मग चिठ्ठी उघडायची आणि पुढचे तीन कप सगळं माहीत असताना करायचे. रोस्टरच्या छापील चवी चिठ्ठीतही नकोत, त्या शेवटी मी टाकेन.

निवांतराव
चिठ्ठी बीन्सच्या पाकिटात नको, कागदाला वास लागतो आणि कागदाचा वास बीन्सना. बाहेरून चिकटवा.

तळाचा_गाळ
मान्य. आणि तारखेत महिना अक्षरात लिहा रे. माझ्यासमोर एक पाकीट आहे, त्यावर ०५/०६ लिहिलंय. मे की जून?

वाफाळ
ते मी पाठवलंय. तारीख नाही ती, सहा पाकिटांपैकी पाचवं.

तळाचा_गाळ
मग रोस्टची तारीख कुठाय?

वाफाळ
चौथ्यावर.